भजीच्या प्लेटपलीकडचं खडकवासला

पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजियन्सचा हक्काचा स्पॉट म्हणजे खडकवासला चौपाटी. पण ज्या पाण्याकडे तोंड करून आपण कणीस खातो, तेच पाणी काही तासांनी आपल्या नळाला येणार असतं. धरण एवढंसं, त्याच्यावरची कामं मात्र ढीगभर. त्या धरणाची ही गोष्ट.

पहिला जोरदार पाऊस झाला की कॉलेजच्या ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले. पहिला, ‘भिडे पूल गेला का रे?’ दुसरा, ‘रविवारी खडकवासला?’ पहिल्यावर मीम्सचा पाऊस पडतो आणि दुसऱ्यावर गाड्यांचा हिशेब सुरू होतो. कोणाची ॲक्टिव्हा, पेट्रोल कोण टाकणार, सिंहगडावर पिठलं-भाकरी खायची की चौपाटीवरच थांबायचं, सबमिशन कोणाचं राहिलंय. हे दोन्ही मेसेज एकाच धरणाबद्दलचे असतात, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं. खडकवासल्यातून पाणी सुटलं की काही तासांत ते मुठेतून भिडे पुलापर्यंत पोहोचतं. आपण रविवारी बघायला जातो तेही तेच पाणी आणि सोमवारी सकाळी दात घासताना नळाला येतं तेही तेच.

आपण खडकवासल्याला ‘स्पॉट’ म्हणतो. मुळात ते आपलं पाण्याचं भांडं आहे, आणि तेही छोटं.

साखळीतलं सगळ्यात लहान धरण

पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं आहेत. आंबी नदीवरचं पानशेत, मोसे नदीवरचं वरसगाव, मुठेवरचं टेमघर आणि या तिन्हींचं पाणी जिथे येऊन मिळतं ते खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. त्यात वरसगावचा वाटा १२.८२, पानशेतचा १०.६५, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा फक्त १.९७. म्हणजे एकूण पाण्याच्या जेमतेम सात टक्के. वरसगाव त्याच्या साडेसहा पट मोठं आहे.

टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. पुणे शहर रोज १५० कोटी लिटरच्या आसपास पाणी उचलतं, असं धरून कॅल्क्युलेटर काढा. काठोकाठ भरलेलं खडकवासला एकट्या शहराला पाच आठवडे पुरेल, बस्स. त्यात शेतीचा वाटा नाही आणि बाष्पीभवनही धरलेलं नाही.

मग वर्षभर पाणी येतं कुठून? मागच्या धरणांतून. घरात टाकीतून बादलीत आणि बादलीतून तांब्यात पाणी घेतो, तसंच हे. पानशेत आणि वरसगाव या टाक्या आहेत आणि खडकवासला बादली. शहर आणि कालवा बादलीतून पाणी घेतात, बादली रिकामी व्हायला लागली की मागच्या टाकीचा नळ सोडला जातो.

या एका गोष्टीमुळे आपले दोन मोठे गैरसमज होतात. पहिला पावसाळ्यातला. जुलैमध्ये खडकवासला भरलं, दरवाजे उघडले, भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण खूश! ‘झालं, वर्षाची चिंता मिटली.’ खरं तर लहान भांडं असल्यामुळे खडकवासला आधी भरतं. त्या दिवशी पानशेत आणि वरसगाव अर्धीसुद्धा भरलेली नसू शकतात. दुसरा गैरसमज उन्हाळ्यातला. मे महिन्यात चौपाटीवर उभं राहिलं तरी समोर पाणी दिसतंच. ‘एवढं पाणी आहे, मग पाणीकपात कशाला?’ असं वाटतं. पण ते पाणी मागून आणून ओतलेलं असतं. शहराची खरी तब्येत बघायची असेल तर चौपाटीच्या पुढे पानशेतपर्यंत जावं लागतं. तिथे उन्हाळ्यात उघडा पडलेला लाल मातीचा काठ दिसतो, तो खरा रिपोर्ट.

दीडशे वर्षांपूर्वीची सोय

हे धरण पिकनिकसाठी सोडाच, आजच्या पुण्यासाठीही बांधलेलं नव्हतं. १८६९ च्या सुमारास ब्रिटिशांनी मुठेवर दगडी धरणाचं काम सुरू केलं आणि ते साधारण दहा वर्षं चाललं. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शेतीला पाणी आणि पुणे शहर व लष्कराला पिण्याचं पाणी, असा दुहेरी उद्देश होता. या कामामागच्या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या नावावरून तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणायचे. जुन्या नकाशांवर आजही ते नाव सापडतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक खास गोष्ट. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, तुम्ही ‘इंजिनिअर्स डे’चे स्टेटस टाकता ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न. त्यांनी सांडव्यावर बसवायचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडायचं, त्याच्यावर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की बंद व्हायचे. १९०३ मध्ये हे दरवाजे पहिल्यांदा बसवले गेले ते खडकवासल्यात. ना वीज, ना सेन्सर.

धरणाशेजारी अशा आणखी दोन मोठ्या जागा आहेत, ज्यांच्या गेटसमोरून आपण हॉर्न वाजवत निघून जातो. एक म्हणजे १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, म्हणजे सीडब्ल्यूपीआरएस. देशभरातली धरणं, बंदरं आणि नद्या यांची लहान मॉडेल्स बनवून पाणी कसं वागेल हे इथे तपासतात. दुसरी म्हणजे पलीकडच्या काठावरची एनडीए. तिचे कॅडेट याच जलाशयात, ‘पीकॉक बे’मध्ये, शिडाच्या बोटी चालवायला शिकतात.

१२ जुलै १९६१

घरात आजी-आजोबा पुण्याचे असतील तर त्यांना ही तारीख विचारा. त्या दिवशी सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. बांधकाम अजून पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं होतं. तो सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर येऊन आदळला. लहान बादलीत टाकीभर पाणी एकदम ओतलं तर काय होईल? दगडी भिंतीने काही काळ तग धरला आणि मग तिलाही भगदाड पडलं.

पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लकडी पुलावरून पाणी गेलं. वाडे कोसळले, हजारो कुटुंबं एका दिवसात रस्त्यावर आली. जुन्या पुण्यातल्या काही इमारतींवर पुराच्या पातळीच्या खुणा केलेल्या आहेत. कधी दिसली तर तिच्याशेजारी उभं राहून बघा, पाणी आपल्या डोक्याच्या किती वर होतं ते.

या पुराची एक बाजू कमी सांगितली जाते. सगळीकडे पाणीच पाणी झालं आणि शहरातलं पिण्याचं पाणी मात्र गेलं. खडकवासला फुटल्यामुळे कालव्यात पाणी येईना आणि नळ कोरडे पडले. त्या दिवसांत लोकांनी जुन्या विहिरी आणि हौदांचा आधार घेतला. हे भांडं फुटलं की शहर बुडतंही आणि तहानेलंही होतं, हे पुण्याने त्या आठवड्यात एकदमच अनुभवलं.

नंतर दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली. पण पूर म्हणजे फक्त इतिहास, असं समजायचं कारण नाही. २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. धरणक्षेत्रात तुफान पाऊस झाला आणि खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकपेक्षा जास्त पाणी सोडावं लागलं. सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पार्किंग आणि तळमजले बुडाले, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे नदीकाठची हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला.

‘क्युसेक’ हा शब्द बातम्यांत रोज येतो आणि आपण तो स्क्रोल करतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि असे शंभर टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होताहेत अशी कल्पना करा. या वेगाने पाणी आलं तर रिकामं खडकवासला सोळा तासांच्या आत भरून जाईल. म्हणूनच पूर थोपवून धरायची त्याची ताकद कमी आहे. वरून येईल ते खाली सोडावं लागतं. दरवाजे किती आणि कधी उघडायचे, रात्री सोडायचं की दिवसा, थोडं आधीपासून सोडत राहायचं की थांबायचं, याचा निर्णय तासातासाला घ्यावा लागतो. लवकर सोडलं आणि पुढे पाऊस थांबला तर ‘पाणी वाया घालवलं’ म्हणून टीका आणि उशिरा सोडलं तर लोकांच्या घरात पाणी.

एक भांडं, दोन दावेदार

धरणातून पाणी बाहेर पडायच्या मुख्य वाटा तीन. दरवाज्यांतून नदीत, मोठ्या बंद पाइपलाइनमधून पर्वती, वडगाव अशा जलशुद्धीकरण केंद्रांकडे आणि मुठा उजव्या कालव्यातून शेतीकडे. हा कालवा धायरी, पर्वती, स्वारगेट, हडपसर असा शहराच्या मधून जातो आणि पुढे दौंड, इंदापूरच्या दिशेने सुमारे दोनशे किलोमीटर धावतो.

तुमच्या हॉस्टेलवर दौंड किंवा इंदापूरची मुलं नक्की असतील. त्यांना ‘आवर्तन’ म्हणजे काय ते विचारा. कालव्याला ठरावीक दिवसांसाठी पाणी सोडतात, ते आवर्तन. ते वेळेवर आलं तर ऊस, गहू, चारा वाचतो, लांबलं तर जातो. किती आवर्तनं द्यायची आणि शहरासाठी किती पाणी राखायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. शहर दरवर्षी वाढतं आणि मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं, ही जलसंपदा खात्याची नेहमीची तक्रार. लोकसंख्या वाढली, हद्द वाढली, पाणी कुठून आणायचं, हा महापालिकेचा प्रश्न. दोघांचंही खरं आहे, पण भांडं तेवढंच आहे.

शिवाय वाटेतही पाणी जातं. शहरातल्या जुन्या पाइपलाइनमधून गळतं आणि उघड्या कालव्यातून झिरपतं. त्या कालव्याने कधीकधी आपली आठवणही करून दिली आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा, ऊन असताना, सिंहगड रोडवर पूर आला. वस्तीतल्या शेकडो घरांमध्ये पाणी शिरलं. घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी भिंत पोखरली, असं कारण तेव्हा सरकारकडून सांगितलं गेलं आणि त्यावर भरपूर विनोदही झाले. ज्यांच्या घरातलं धान्य, दप्तरं आणि सर्टिफिकेटं वाहून गेली त्यांना अर्थातच हसू आलं नाही. आता खडकवासला ते फुरसुंगी असा बोगदा काढून पाणी बंदिस्त न्यायची योजना आहे. त्यातून दरवर्षी काही टीएमसी पाणी वाचेल, असा अंदाज आहे.

चौपाटी

आता येऊ आपल्या आवडत्या विषयाकडे.

चौपाटी मजेदार आहे, यात वाद नाही. पुण्याला समुद्र नाही, म्हणून पुण्याने धरणाच्या काठालाच चौपाटी म्हणायला सुरुवात केली. निखाऱ्यावरचं कणीस, त्यावर लिंबू आणि तिखट-मीठ, कागदात गरम कांदाभजी, चहा, समोर ढग उतरलेले डोंगर आणि मागे सिंहगड. खिशात शंभर रुपये असले तरी दोघांची संध्याकाळ छान जाते. मॉलमध्ये हे जमत नाही. फुकट बसता येईल, मोठ्याने गाता येईल अशा जागा शहरात उरल्यात किती? म्हणून ‘चौपाटी बंद करा’ हे उत्तर मला पटत नाही. शिवाय इथल्या हातगाड्यांवर आजूबाजूच्या गावांतली कितीतरी घरं चालतात. पावसाळ्यातले रविवार म्हणजे त्यांचा सीझन. पोलिसांनी गर्दीमुळे रस्ता बंद केला की आपला फक्त प्लॅन फिसकटतो, त्यांची दिवसाची कमाई जाते.

पण जरा चौपाटीची जागा बघा. ती धरणाच्या भिंतीच्या वरच्या बाजूला आहे, म्हणजे पाणी जिथे साठतं तिथे. इथे टाकलेली प्रत्येक वस्तू शहराच्या आधी येते. चहाचे कप, चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, काठावर धुतलेल्या गाडीचं ऑइल, सगळं शुद्धीकरण केंद्राच्या अलीकडे. पावसाची एक सर आली की रस्त्यावरचा कचरा उतारावरून थेट पाण्यात. भर म्हणून पानशेत रस्त्यावरची हॉटेलं, फार्महाऊस, रिसॉर्ट आणि वाढलेली गावं, आणि त्यांच्यातलं जे सांडपाणी प्रक्रिया न होता ओढ्यात जातं ते.

‘पण पाणी फिल्टर होतंच की!’ होतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखं रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरिन देतात. माती आणि जंतू यांच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण ती आहे नदीच्या गढूळ पाण्यासाठी. साबण, तेल, विरघळलेली रसायनं काढणं हे तिचं मुख्य कामच नाही. येणारं पाणी जितकं घाण, तितका खर्च जास्त आणि चुकीला जागा कमी.

धरणाच्या कुशीतले तहानलेले

चूक झाली की काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रोड परिसरात गियां बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. आधी जुलाब, पोटदुखी, मग हातापायांतली ताकद जाणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. यात शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या संसर्गानंतर स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो, त्यामुळे संशयाची सुई पाण्याकडे गेली.

रुग्ण जास्त कुठले होते? नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला. म्हणजे धरणाच्या अगदी शेजारचे. यातली बरीचशी गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. टॉवर उभे राहिले, फ्लॅट विकले गेले, पण शुद्धीकरण केंद्राचं पाणी सगळ्यांपर्यंत पोहोचलं नव्हतं. काही गावांना विहिरीतलं पाणी नुसतं क्लोरिन टाकून दिलं जात होतं. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला शुद्ध पाणी आणि धरणाची भिंत ज्याच्या खिडकीतून दिसते त्याला विहिरीचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुण्यात शिकायला येणारी कितीतरी मुलं याच भागात पीजीवर किंवा फ्लॅट शेअर करून राहतात, कारण भाडं परवडतं. रूम बघताना आपण वायफाय, डिपॉझिट आणि घरमालकाची कटकट याबद्दल विचारतो. ‘पाणी कुठलं येतं, महापालिकेचं, टँकरचं की विहिरीचं?’ हा प्रश्न आता त्या यादीत सगळ्यात वर हवा.

शांत दिसणारं पाणी

आणखी एक गोष्ट, आणि ही थेट आपल्या वयाची. धरणात बुडून मेलेल्यांच्या बातम्या वाचा. वय अठरा, वीस, बावीस. सुट्टीचा दिवस, मित्रांचा ग्रुप. ‘पोहायला थोडीच जातोय, फक्त पाय बुडवतोय’ इथून बहुतेक वेळा सुरुवात होते.

धरण म्हणजे स्विमिंग टँक नाही, ती पाण्याखाली गेलेली दरी आहे. काठाजवळ गुडघाभर पाणी असतं आणि दोन पावलांवर जुना उतार किंवा खड्डा सुरू होतो. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुतला की जितकी धडपड कराल तितका आत जातो. वरचं पाणी उन्हाने कोमट लागतं, खालचं गार असतं आणि दमलेल्या पायात गोळा येतो. एक बुडायला लागला की दुसरा त्याला वाचवायला उडी मारतो. एका बातमीत दोन-तीन नावं का असतात, त्याचं कारण हेच. आणि भिंतीच्या खाली, नदीपात्रात उतरणं तर आणखी धोक्याचं. पुण्यात ऊन असलं तरी टेमघरला पाऊस कोसळत असू शकतो आणि दरवाजे उघडले की पात्रातलं पाणी बघता बघता वाढतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. भुशी तर खडकवासल्यापेक्षाही लहान. धरण लहान असलं म्हणजे पाणी गरीब होत नाही.

याच जलाशयाच्या पलीकडच्या काठावर एनडीएचे कॅडेट आपल्याच वयाचे आहेत आणि तेही पाण्यात उतरतात. फरक एवढाच की त्यांना आधी पोहणं शिकवलं जातं, अंगात लाइफ जॅकेट असतं आणि सोबत प्रशिक्षक असतात. म्हणजे पाण्याशी खेळता येतं, फक्त तयारी लागते. अलीकडच्या काठावर ती सोय नाही, तोवर पाणी बघण्यापुरतंच.

मला स्वतःला वाटतं, चौपाटी नीट केली तर ती पुण्याची सगळ्यात भारी पब्लिक स्पेस होऊ शकते. पाण्यापासून थोडं मागे, पार्किंगसह, गाड्यांना ठरलेली जागा, कचऱ्याची रोजची व्यवस्था, स्वच्छ टॉयलेट. बसायला कट्टा आणि समोर एक साधा फलक: आज चारही धरणांत किती पाणी आहे, गेल्या वर्षी या दिवशी किती होतं, विसर्ग किती चालू आहे. धरण भरलं की जलपूजनाला नेते येतात, फोटो निघतात. त्याच उत्साहाने हा आकडा रोज लिहिला गेला तर कणीस खाता खाता शहराला आपल्या पाण्याचा हिशेब कळेल.

निघण्याआधी एवढं बघा

• विसर्ग तपासा. जलसंपदा विभाग आणि महापालिका खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं ते जाहीर करतात. आकडा वाढत असेल तर नदीपात्रातले रस्ते आणि भिडे पूल विसरा.

• ‘धरण भरलं’ ही बातमी वाचताना चारही धरणांची टक्केवारी बघा. एकट्या खडकवासल्यावरून खूश होऊ नका.

• पाण्यात उतरू नका, पाय बुडवायलासुद्धा नाही. कोणी बुडत असेल तर मागे उडी मारू नका. दोरी, ओढणी, लांब काठी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका, आरडाओरडा करा आणि ११२ ला फोन लावा.

• सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवा. आपला कचरा आपल्यासोबत परत आणा.

• गाडी धरणाच्या पाण्याने धुऊ नका. ते पाणी कोणाच्या तरी माठात जाणार आहे.

• गर्दी टाळायची असेल तर रविवारी संध्याकाळऐवजी मधल्या वारी सकाळी जा. रस्ता मोकळा मिळेल, कणीसवाल्या मावशींना गप्पा मारायला वेळ असेल आणि त्यांच्याकडून धरणाबद्दल या लेखापेक्षा जास्त ऐकायला मिळेल.